पदवीधराची पहिली नोकरी

नोकरी न मिळणे ही आपत्ती सर्वांच्या परिचयाची आहे. दोन नोकऱ्या एकाच वेळी चालून येणे हीही एक अडचणच असते. पण ती ज्याच्यावर येते त्याजविषयी कोणास फारशी सहानुभूती वाटत नाही. शेजारीपाजारी पेढे मागतात, नातलग पगाराचा आकडा विचारतात, आणि ज्याने निर्णय करावयाचा तो तरुण दोन कागद समोर ठेवून रात्र रात्र जागत बसतो. कोल्हापुरात हा प्रसंग दरसाल उन्हाळ्याच्या अखेरीस कित्येक घरी येतो. एका हाती शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फौंड्रीचे पत्र असते, दुसऱ्या हाती पुण्याच्या संगणक कंपनीचे. आणि बँकेच्या किंवा सरकारी परीक्षेचा निकाल अद्याप लागावयाचा असतो. पहिल्या पत्राचे उत्तर शुक्रवारपर्यंत द्यावयाचे असते, आणि निकाल केव्हा लागेल हे कोणीच सांगू शकत नाही.

हा पेच नवा नाही. सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी याच परिसरातील एका घराने तो अनुभविला आहे, आणि त्या घराची हकीकत पुरतेपणी पाहिली म्हणजे आजच्या पत्रांचाही अर्थ लावणे सोपे जाते.

कोल्हापूरजवळच्या कागल येथे कृष्णराव गोखले नावाचे गृहस्थ नोकरीस होते. १८७९ साली ते वारले. मागे पत्नी, मुली व दोन मुलगे राहिले. थोरला गोविंद याने शिक्षण सोडून कागलातच दरमहा १५ रुपयांची नोकरी धरिली, आणि त्यांतले ८ रुपये तो कोल्हापुरास शिकत असलेल्या धाकट्या भावास पाठवू लागला. उरलेल्या सातांत घर चालावयाचे. धाकटा गोपाळ १८८१ साली मॅट्रिक झाला, तेव्हा आपणही नोकरी धरावी व भावाचा भार हलका करावा असे त्याच्या मनात आले. परंतु भाऊ व वहिनी यांनी ते मानिले नाही. प्रसंगी दागिने विकू, पण शिक्षण पुरे कर, असा वहिनीचा आग्रह पडला. गोपाळ प्रथम कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला, पुढे मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात गेला, आणि १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, बी. ए. झाला.

त्या काळी अठराव्या वर्षी पदवीधर झालेल्या बुद्धिमान मुलास मार्ग थोडे नव्हते. विलायतेस जाऊन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा देणे हा एक. पण त्यास पैसा कोठून आणावयाचा? इंजिनिअरिंग हा दुसरा; तो त्याने काही दिवस अजमावून पाहिला व सोडून दिला. वकिली हा तिसरा. त्यात प्रतिष्ठा व पैसा दोन्ही होते, आणि घरच्यांची दृष्टीही तिकडेच लागलेली होती. सरकारी खात्यात शिरून पायरीपायरीने चढत जाणे हा चौथा, सर्वांत रुळलेला. अशा स्थितीत त्याने पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा ३५ रुपयांवर साहाय्यक शिक्षकाची जागा पत्करिली.

येथपर्यंतची हकीकत सांगून पुष्कळ लोक थांबतात, आणि गोपाळराव गोखल्यांनी मोठ्या पगाराकडे पाठ फिरवून त्यागाचा मार्ग धरिला असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. वस्तुतः १८८५ साली त्यांनी काहीच सोडिले नव्हते. शाळेतील नोकरी करीत करीत ते कायद्याचा अभ्यासही करीत होते, आणि सरकारी परीक्षांस बसणाऱ्या विद्यार्थ्यांची शिकवणीही घेत होते. ३५ रुपये हा भावाच्या पगाराच्या दुपटीहून अधिक आकडा होता. घरी पैसे पाठविण्याची सोय लागली, आणि वकिलीचा मार्गही मोकळा राहिला. एकोणीस वर्षांच्या मुलाने केलेली ही व्यवस्था त्यागाची नव्हे, तर अत्यंत व्यवहारी होती.

खरा निर्णय पुढे १८८६ साली आला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होण्याविषयी त्यांना विचारणा झाली. ही संस्था ऑक्टोबर १८८४ मध्ये स्थापन झालेली, व तिचे फर्ग्युसन कॉलेज १८८५ च्या जानेवारीत सुरू झालेले. टिळक व आगरकर त्या वेळी तिच्यात एकत्र होते. सभासदत्वाची अट अशी की वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची. वेतन फार झाले तर दरमहा ७५ रुपये, आणि निवृत्तीनंतर ३० रुपये पेन्शन. एकदा सही केली म्हणजे वकिलीचे स्वप्न संपले. ज्या भावाने आपले शिक्षण अर्धवट टाकून याला शिकविले, त्याची संमती सहजासहजी मिळाली नाही, यात नवल नाही. ती मिळविल्यानंतरच गोपाळरावांनी करार केला.

या दोन निर्णयांतील अंतर ध्यानात घेण्याजोगे आहे. १८८५ ची नोकरी ही उद्या सोडता येण्याजोगी होती. म्हणून ती घेताना फार विचार करण्याचे कारण नव्हते. १८८६ चा करार वीस वर्षे बांधून टाकणारा होता. म्हणून त्यास घरच्यांची परवानगी, मनाची तयारी आणि संस्थेतील माणसांची वर्षभराची ओळख, इतके सर्व लागले. आजचा पदवीधर बहुधा याच्या उलट वागतो. जी जागा सहा महिन्यांत सोडता येईल तिच्यासाठी तो झोप घालवितो, आणि ज्या कागदावर तीन वर्षांचे बंधन लिहिलेले असते त्यावर, तो कागद लांबलचक आहे एवढ्याच कारणाने, न वाचता सही करितो.

आता त्या कागदांकडे वळावे. हल्ली कंपनीच्या पत्रात वर्षाचा जो आकडा लिहितात, व ज्यास सर्वत्र ‘पॅकेज’ म्हणतात, तो पगाराचा आकडा नव्हे. नोकरावर कंपनीचा एकंदर जो खर्च होईल, किंवा होऊ शकेल, त्याची ती बेरीज असते. उदाहरणादाखल पुण्याच्या एखाद्या कंपनीने ४,८०,००० रुपयांचे पॅकेज देऊ केले आहे असे धरू. बाराने भागून दरमहा ४०,००० रुपये, असा हिशेब घरात त्याच संध्याकाळी होतो. परंतु त्यात ४८,००० रुपये ‘कामगिरीवर अवलंबून’ असे लिहिलेले असतील. ते मिळतील किंवा न मिळतील. मूळ वेतन निम्मे, म्हणजे २,४०,००० रुपये धरिले, तर त्यावर बारा टक्क्यांप्रमाणे कंपनीने भरावयाची भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी २८,८०० रुपये, व ग्रॅच्युइटीपोटी धरिलेले सुमारे ११,५०० रुपये, हेही त्याच बेरजेत असतात. विम्याचे सहाएक हजार निराळेच. उरले सुमारे ३,८५,७०० रुपये. त्यातून नोकराची स्वतःची निधीची वर्गणी पुन्हा २८,८०० रुपये व व्यवसायकर २,५०० रुपये वजा जाता महिन्याकाठी हाती साडेएकोणतीस हजार येतात. चाळीस हजारांची वार्ता गल्लीत पसरलेली असते. पहिल्या महिन्याच्या अखेरीस मुलाचा आवाज दूरध्वनीवर बारीक का येतो, याचे कारण हे आहे.

शिरोलीच्या कारखान्याचा आकडा ३,००,००० रुपये आहे, व त्यात कामगिरीचा किंवा विम्याचा भाग नाही, असे समजू. त्याच रीतीने वजाबाकी केली असता हाती सुमारे २१,२०० रुपये पडतात. पुण्यात खोलीचे भाडे, खानावळ व येणेजाणे यांत १३,००० रुपये गेले, तर साडेसोळा हजार शिल्लक राहतात. घरी राहून मोटारसायकलीवर शिरोलीस जाणाऱ्याचा पेट्रोलादि खर्च अडीच हजार धरिला, तर शिल्लक १८,७०० रुपये. म्हणजे १५,००० रुपयांचे मासिक अंतर पाहता पाहता नाहीसे होऊन उलट बाजूस दोन हजारांनी कलले. तथापि येथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुण्याच्या नोकरीत दोन्ही वर्गण्या मिळून निधीत वर्षास ५७,६०० रुपये साठतात, व कोल्हापूरच्या नोकरीत ३६,०००. हे अंतर महिन्यास १,८०० रुपयांचे. तेव्हा दोन्ही पारडी जवळजवळ सारखी झाली. कामगिरीचे पैसे मिळाले तर पुणे पुढे, न मिळाले तर कोल्हापूर तसूभर पुढे. आकडे येथे उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. पण अनुभव बहुधा असाच येतो की हिशेब पुरा केला असता पैशाचे अंतर आरंभी दिसले त्याहून पुष्कळ कमी निघते, आणि निर्णय इतर गोष्टींवर येऊन ठेपतो.

ग्रॅच्युइटीसंबंधी एक खुलासा करणे इष्ट आहे. १९७२ च्या कायद्याने तिला सामान्यतः पाच वर्षांच्या सलग नोकरीची अट घातली होती. जो दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणार, त्याच्या पॅकेजमधील ती रक्कम केवळ कागदावर राहात असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठराविक मुदतीच्या करारावर नेमलेल्यांस एका वर्षानंतरही ती देवविली आहे. कायम नोकरांस मात्र पाच वर्षांची अट राहिली. तेव्हा आपली नेमणूक कोणत्या प्रकारची, हे पत्रावरून पाहिले पाहिजे. त्याचप्रमाणे ‘सरकारी नोकरी म्हणजे पेन्शन’ हा आजोबांच्या पिढीचा हिशेब जसाच्या तसा चालविता येत नाही. केंद्र सरकारात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र सरकारात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागलेल्या नोकरांस जुनी पेन्शन बंद होऊन वर्गणीची पद्धत आली, आणि त्यानंतरही तिच्यात फेरबदल झाले आहेत. सरकारी जागेचे आकर्षण अजूनही रास्त असू शकेल. पण ते कोणत्या कारणाने, हे नव्याने तपासावे.

बंधनाचा विषय याहून महत्त्वाचा. नवीन पदवीधरास शिकवून तयार करण्यास पैसा लागतो, व तो शिकून लगेच निघून गेला तर नुकसान होते, या सबबीवर पुष्कळ ठिकाणी ‘बाँड’ लिहून घेतात: इतकी वर्षे राहीन, न राहिल्यास इतकी रक्कम भरीन. असा करार कायद्यात टिकत नाही, अशी एक समजूत विद्यार्थ्यांत पसरली आहे. ती अर्धीच खरी. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम धंद्यास प्रतिबंध करणारा करार रद्द ठरविते, हे बरोबर. त्यामुळे ‘नोकरी सोडल्यावर अमुक प्रकारच्या कंपनीत काम करणार नाही’ ही अट सामान्यतः टिकत नाही. परंतु नोकरी चालू असण्याच्या मुदतीतील बंधन निराळे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच सांगितले आहे. मे २०२५ मध्ये तर एका सरकारी बँकेचे प्रकरण त्या न्यायालयापुढे आले. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरावे लागतील, या अटीवर नेमलेला अधिकारी मुदतीपूर्वी दुसऱ्या बँकेत गेला होता. न्यायालयाने ती अट वैध ठरविली. भरती पुन्हा करण्यास सार्वजनिक संस्थेस जो वेळ व खर्च लागतो, तो न्यायालयाने विचारात घेतला. म्हणून रक्कम किती, मुदत कोठून मोजावयाची, आणि कंपनीनेच काढून टाकल्यास काय, ही तीन उत्तरे लेखी मिळाल्यावाचून सही करू नये. पदवीची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ पाहणाऱ्या ठिकाणी तर दुसऱ्यांदा जाऊही नये.

बंधन नेहमी वाईटच असते असे नाही. गोखल्यांना वीस वर्षांच्या करारात काय मिळाले हे पाहावे. इंग्रजी व गणित शिकविता शिकविता पुढे इतिहास व अर्थशास्त्र हे विषय त्यांजकडे आले. गणिताचे त्यांनी लिहिलेले पुस्तक शाळाशाळांतून चालले. १८८७ च्या सुमारास न्यायमूर्ती रानड्यांशी, ज्यांचे बालपणही कोल्हापुरातच गेले होते, त्यांचा संबंध आला, आणि सरकारी जमाखर्चाची कोष्टके वाचण्याचे कठोर शिक्षण त्यांच्या हाताखाली मिळाले. १८९७ साली, एकतीस वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, ते विलायतेत वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चासंबंधी साक्ष देण्यास उभे राहिले, ते या तयारीच्या बळावर. ७५ रुपयांच्या जागेने जे हाती दिले ते पगारपत्रकात कोठेच लिहिलेले नव्हते. तथापि त्याच संस्थेत कराराच्या शब्दांवरून कडाक्याचे भांडणही झाले. सभासदांनी बाहेर पैसे मिळविण्याची किंवा इतर कामे करावीत की नाही, यावर मतभेद वाढत गेले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले हेही त्यात एक कारण झाले, आणि १८९० साली टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. ध्येयाने एकत्र आलेली इतकी थोर माणसेही, फावल्या वेळाचा मालक कोण हे आरंभीच स्पष्ट न झाल्यामुळे दुरावली. आजच्या नेमणूकपत्रातही ‘अन्य कोणताही व्यवसाय करता येणार नाही’ असे एक वाक्य बहुधा असतेच. ज्यास संध्याकाळी शिकवणी घ्यावयाची आहे, शेती पाहावयाची आहे किंवा पुढील परीक्षेस बसावयाचे आहे, त्याने त्या वाक्यापाशी थांबून विचारणा करावी.

निवड करण्यासाठी मुळात दोन जागा हाती असाव्या लागतात, आणि ही स्थिती सर्वांस सारखी कधीच नव्हती. शाहू छत्रपती १८९४ साली गादीवर आले तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच ज्ञातीचे होते, आणि सुमारे ५०० कारकुनांत त्या ज्ञातीबाहेरचे अवघे १० होते. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी हुकूम काढून यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेविल्या. त्याच्या आगेमागे कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. एम. ए. झालेले भास्करराव जाधव १८९५ साली संस्थानच्या नोकरीत आले ते याच धोरणाचा आरंभ म्हणून. घरात प्रथमच पदवीधर झालेल्या मुलास सल्ला देण्यास चुलते, मामे, शेजारी यांपैकी कोणीही त्या वाटेने गेलेले नसते. म्हणून त्याच्या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘मन सांगेल ते कर’ असे देऊन भागत नाही.

आणि दोन माणसांस दिलेली तीच जागा दोघांस सारखीच मिळते, असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१७ साली ते त्याप्रमाणे बडोद्यास रुजू झाले. पद मानाचे होते, राजा गुणग्राही होता. कागदावर पाहता या नेमणुकीत उणे काहीच नव्हते. पण त्या शहरात अस्पृश्य मानलेल्या माणसास भाड्याने खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने येऊन त्यांना तेथून हाकून दिले. कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकीत. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर अर्थशास्त्राची प्राध्यापकी मिळाली. तो पगार त्या काळी मोठा होता. १९२० च्या मार्च महिन्यात त्यांनी ती जागा सोडली. त्याच महिन्यात कागल जहागिरीतील माणगाव येथे शाहू छत्रपतींच्या उपस्थितीत परिषद भरली, आणि त्याच वर्षी, छत्रपतींच्या व मित्रांच्या साह्याने, ते लंडनमधील अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यास निघाले. ४५० रुपयांची जागा त्यांनी साध्य मानिली नाही. ती लंडनच्या वाटखर्चाची तजवीज होती.

बडोद्याच्या त्या प्रसंगापासून आजच्या पदवीधराने एवढे घ्यावे की नेमणूकपत्र हे कंपनी लिहिते, पण नोकरी करावी लागते ती शहरात, कचेरीत, विवक्षित माणसांत. खोली कोठे मिळेल, रात्रपाळी कितीदा असते, हाताखाली घेणारा अधिकारी कसा आहे, आपल्या गावची किंवा आपल्या समाजाची मुले तेथे दोन वर्षे टिकली आहेत की नाही, हे पत्रात सापडत नाही. ते तेथे सध्या काम करणाऱ्यास, व विशेषतः ती नोकरी सोडून गेलेल्यास, विचारावे लागते. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. भावास पुण्यास पाठविणारे घर बहिणीस तेवढ्याच पगारासाठी पाठविण्यास कचरते, आणि तिचा निर्णय नोकरीची पारख न करताच गावाच्या वेशीवर होऊन जातो. वसतिगृहाची सोय, पाळीनंतर घरी पोचविणारी गाडी, सोबतीस असलेली मैत्रीण, या गोष्टींची नीट चौकशी करून आईवडिलांपुढे ठेविली असता पुष्कळ घरे मान्य होतात. जी तरीही होत नाहीत, तेथे दोष नोकरीचा नसतो.

कामाचे स्वरूप हा भाग शेवटी पाहिला जातो. तो वास्तविक आधी पाहिला पाहिजे. कोल्हापूरचे यंत्रोद्योग लहान लहान कारखान्यांतून वाढले. शेतकऱ्यांची तेलावर चालणारी इंजिने दुरुस्त करता करता ती बनविण्यापर्यंत मजल गेली, उद्यमनगर उभे राहिले, आणि फौंड्र्या शिरोली, गोकुळ शिरगाव व कागलपर्यंत पसरल्या. अशा कारखान्यात नव्या इंजिनिअरास पहिल्या वर्षातच साचा, वाळू, भट्टी, ओतीव मालाची तपासणी, आणि माल नाकारणाऱ्या गिऱ्हाइकाची बोलणी, असे सर्व पाहावे लागते. धूळ व उष्णता असते, सुटीचा नेम नसतो, पण पाच वर्षांत धंदा अथपासून इतिपर्यंत समजतो. मोठ्या कंपनीत शिस्त, नाव व शिकविण्याची पद्धत चांगली असते. मात्र कामाचा लहानसा तुकडाच वाट्यास येण्याचा संभव असतो. ज्यास पुढे स्वतःचा कारखाना काढावयाचा आहे त्याने, आणि ज्यास मोठ्या संस्थेत चढत जावयाचे आहे त्याने, या दोहोंतून एकच जागा निवडावी असे कसे म्हणता येईल? मुलाखतीच्या वेळी ‘पहिल्या सहा महिन्यांत रोज काय काम करावे लागेल?’ एवढाच प्रश्न विचारून पाहावा. ज्या ठिकाणी त्याचे उत्तर स्पष्ट मिळत नाही, तेथे काम बहुधा ठरलेलेच नसते.

घरचे देणे हा विषय पुष्कळांना बोलावयास संकोच वाटतो, तरी तो टाळता येत नाही. शैक्षणिक कर्ज काढिले असेल तर अभ्यासक्रम संपल्यावर साधारणतः एका वर्षाने हप्ते सुरू होतात. ऊस गेल्यावर बिल केव्हा जमा होईल, धाकट्या भावंडाची फी केव्हा भरावयाची, हे आकडे दोन्ही पत्रांच्या शेजारी मांडले पाहिजेत. जेथे दरमहा ठराविक रक्कम घरी पाठविणे अटळ आहे तेथे तीन वर्षे साधी, खात्रीची नोकरी करणे हे स्वप्न मोडणे नव्हे. गोखल्यांनी ३५ रुपयांची जागा घेतली तेव्हा त्यांच्यापुढे कागलचे घर होतेच. परंतु देण्याचा आकडा न सांगता ‘आम्ही तुझ्यासाठी एवढे केले’ असे म्हणून मुलास मोठ्या पगाराकडे ढकलणे निराळे. किती, कोणास, केव्हापर्यंत, हे वडिलांनी एकदा वहीत लिहून दाखविले म्हणजे मुलासही बोलण्यास जागा राहते.

राहता राहिला वेळेचा पेच. हातची जागा शुक्रवारी जाणार, आणि परीक्षेचा निकाल पुढील महिन्यात किंवा पुढील वर्षी. येथे प्रथम मुदत वाढवून मागावी; आठ-दहा दिवस सभ्यपणे व लेखी मागितले असता ते मिळण्याचा संभव असतो, आणि मागितल्याने नेमणूक रद्द करणारी कंपनी निराळ्या अर्थाने उपयोगाची माहिती देऊन जाते. मुदत न मिळाली तर, व त्या जागेस बाँड नसेल तर, ती पत्करून परीक्षेचा अभ्यास चालू ठेवणे हा मार्ग बरा. केवळ निकालाची वाट पाहात घरी बसलेली वर्षे पुढील प्रत्येक मुलाखतीत विचारली जातात. उलट बाँड असेल, आणि परीक्षेची मनीषा खरी असेल, तर ती रक्कम हीच त्या जागेची किंमत समजून नकार द्यावा.

एक जागा स्वीकारल्यावर दुसरीस नकाराचे पत्र त्याच दिवशी लिहावे. पुष्कळ मुले ते लिहीत नाहीत. दोन्हीकडे होकार कळवून ठेवितात आणि रुजू होण्याच्या दिवशी एका ठिकाणी जातच नाहीत. त्यात कंपनीचे नुकसान थोडे. पुढील वर्षी ती त्या महाविद्यालयात मुलाखती घेण्यास येण्याचे टाळते, हे अधिक. आणि त्या जागेच्या प्रतीक्षायादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेला मुलगा कदाचित राधानगरीचा, गडहिंग्लजचा असतो, व त्याजजवळ दुसरे पत्र नसते. चार ओळींचे पत्र शुक्रवारी गेले तर त्यास सोमवारी बोलावणे येते.